पोथीचित्रांचे मूळ वेरूळच्या छतावर शोधावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जैनांचे पर्युषण पर्व जवळ आले की कल्पसूत्राच्या, म्हणजे तीर्थंकरांची चरित्रे सांगणाऱ्या ग्रंथाच्या, जुन्या पोथ्यांतली चित्रे सगळीकडे दिसू लागतात. पुरवण्यांत, निमंत्रणपत्रिकांवर, टेंभी नाक्यापासून वाशी-नेरूळपर्यंतच्या मंदिरांबाहेरील फलकांवर. लाल भूमी (पार्श्वभूमी), टोकदार नाक, दुहेरी हनुवटी आणि चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला दुसरा डोळा. चित्राखाली बहुधा दोनपैकी एक ओळ असते: ‘इराणी प्रभावातून घडलेली शैली’ किंवा ‘लोककलेचा भाबडा आविष्कार’. दोन्ही विधाने चुकीची आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांपुढे ती यावीत याचे आम्हाला विशेष वाईट वाटते, कारण ही शैली कशी घडली याचा डोळ्यांनी पाहता येईल असा मोठा पुरावा आपल्याच राज्यात, वेरूळच्या कैलास लेण्याच्या छतावर आहे.

आधी इराणचा मुद्दा. पश्चिम भारतातील ज्ञात सचित्र ताडपत्री पोथ्यांत सर्वांत जुनी मानली जाते ती जैसलमेरच्या जैन ग्रंथभांडारातील ओघनिर्युक्ती या जैन ग्रंथाची पोथी, विक्रम संवत १११७ म्हणजे इ. स. १०६० ची. त्यानंतर भरूच येथे इ. स. ११०० मध्ये लिहिलेली निशीथचूर्णी ही जैन टीकाग्रंथाची पोथी येते. जैसलमेरच्याच लाकडी पाटल्या, म्हणजे पोथीला वरखाली लावायच्या रंगवलेल्या फळ्या, १२ व्या शतकातल्या. जिनदत्तसूरी या जैन आचार्यांचे चित्र असलेली पाटली पाहिली तर कडेबाहेरचा डोळा, कोनदार खांदे, ताणलेली रेघ हे सगळे तिथे आहेच. दिल्लीच्या सैन्याने गुजरात जिंकला तो १२९९ नंतर. इराणी सचित्र ग्रंथांचा परिणाम गुजरातेत जाणवतो तो प्रामुख्याने १५ व्या शतकात, आणि तो कुठे आहे हे नेमके दाखवता येते: लाजवर्दाची गडद निळी भूमी, सोन्याचा सढळ वापर, समासातली नक्षी आणि कालकाचार्य या जैन आचार्यांच्या कथेतले शाही, म्हणजे शक सरदार. हे शाही फार बोलके आहेत. ते परके म्हणून चित्रकाराने त्यांना मध्य आशियाई चेहरे दिले आणि त्यांचा दुसरा डोळा कडेच्या आत ठेवला. त्याच चौकटीत शेजारी बसलेल्या कालकाचार्यांचा डोळा मात्र बाहेर. म्हणजे इराणी पद्धत चित्रकाराला माहीत होती, त्याने ती फक्त परक्यांसाठी वापरली, आणि स्वतःची परंपरागत पद्धत शाबूत ठेवली. जी गोष्ट इराणी पद्धतीपासून अशी जाणीवपूर्वक वेगळी ठेवली गेली, तिचा उगम इराणात कसा असेल?

आता ती पद्धत आली कुठून. ५ व्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक हरिषेणाच्या काळात रंगवलेल्या अजिंठ्याच्या १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांपासून सुरुवात करावी लागते. तिथला चेहरा बहुधा पाऊण वळलेला असतो. जवळचा डोळा पूर्ण, दूरचा थोडा आखूड, पण दोन्ही चेहऱ्याच्या कडेच्या आत. गोलाई रेघेपेक्षा छटेने येते: कडेला गडद, मध्ये उजळ, नाकाच्या दांडीवर आणि ओठावर पांढुरका स्पर्श. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात या छायाप्रकाशाला वर्तना म्हटले आहे. पानाच्या शिरांसारख्या रेघांची पत्रवर्तना आणि ठिपक्यांची बिंदुवर्तना हे तिचे प्रकार. शरीर किती वळले की कोणता भाग किती दिसेल, याची नऊ स्थानेही तिथे सांगितली आहेत.

कैलास लेणे राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातले, ८ व्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्याचे जुने स्थानिक नाव रंगमहाल. एके काळी गिलावा आणि रंग किती असतील याची त्यावरून कल्पना यावी. आज पश्चिमेकडील ओसरीच्या आणि मंडपाच्या छतावर तुकडे उरले आहेत, आणि काही ठिकाणी रंगाचे दोन थर एकावर एक आहेत. खालचा थर अजिंठ्याच्या जवळचा. वरचा नंतरचा, आणि त्यातच सगळे बदललेले दिसते. गरुडावर आरूढ विष्णू आणि लक्ष्मी पाहाव्यात: नाक टोकाशी अणकुचीदार, हनुवटी तुटक, आणि दूरचा डोळा गालाच्या रेघेच्या बाहेर. ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत, ९ व्या शतकातील जैन लेण्यात, वरच्या मजल्याच्या छतावर उडत्या आकृतींमध्ये हेच वळण आहे. छटा अजून पुरती गेलेली नाही, पण कोपर-गुडघे टोकदार होऊ लागले आहेत.

हा डोळा बाहेर का आला याचे उत्तर चेहऱ्याच्या वळणात आहे. पाऊण चेहरा आणखी वळवत नेला, जवळजवळ एकचश्म, म्हणजे एकाच बाजूने दिसणारा, केला, तर दूरचा गाल नाहीसा होतो आणि त्याबरोबर दूरचा डोळाही जायला हवा. या चित्रकारांनी गाल काढून टाकला, डोळा ठेवला. मग गालाशिवाय उरलेला डोळा हवेत तरंगल्यासारखा दिसतो. यालाच सव्वाचश्म चेहरा म्हणतात. एखाद्याचा हात चुकल्याने हे झाले असते तर एका-दोन चित्रांत दिसले असते. इथे काही शतके, शेकडो पानांवर, एकाच मापाने ते घडते.

या डोळ्याचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण असे की श्वेतांबर मूर्तींना वरून स्फटिकाचे किंवा मीन्याचे डोळे बसवतात, त्यांची नक्कल चित्रात उतरली. ऐकायला सोपे आहे, म्हणून पसरले. पण कैलासात हा डोळा विष्णूला आणि लक्ष्मीला आहे, आणि पोथ्यांत तो तीर्थंकरांपेक्षा राजे, राण्या, नर्तकी, नोकर यांना जास्त आहे. तीर्थंकराची ध्यानस्थ प्रतिमा बहुधा समोरून रंगवलेली असते, तिथे डोळा बाहेर पडायला जागाच नसते. शिवाय ही शैली जैनांपुरती कधीच नव्हती. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत १५१६ चे सचित्र आरण्यकपर्व आहे. महाभारताची ही पोथी आग्र्याजवळ कच्छौवा येथे तयार झाली आणि तिच्यात याच घराण्याची उशिराची वळणे दिसतात.

दुसरे स्पष्टीकरण अभ्यासकही देतात, आणि ते अधिक विचार करण्यासारखे आहे: ताडपत्र अरुंद, म्हणून चित्र सपाट झाले. पानाची रुंदी साधारण ५ ते ७ सेंटिमीटर. चित्राचा चौकोन तेवढाच, त्यातला चेहरा करंगळीच्या नखाएवढा. ताडपत्राचा पृष्ठभाग गुळगुळीत, रंग शोषून घेत नाही. रंग डिंकात कालवलेला असतो. त्यावर दुसरा ओला हात दिला की खालचा थर विरघळून उचलला जातो, आणि जाड थर दिला तर पान वाकताना तडकतो. मग एक सपाट रंग आणि वर काजळाची रेघ हाच खात्रीचा मार्ग. हे सगळे खरे आहे. पण याच मापाच्या ताडपत्रावर, त्याच काळात, पूर्वेच्या चित्रकारांनी छटा सोडली नाही. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत पाल राजा महीपालाच्या राज्याच्या ६ व्या वर्षी नालंदा येथे लिहिलेली अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता या बौद्ध ग्रंथाची पोथी आहे, १० व्या शतकाच्या अखेरची. तिच्यातल्या बोटभर बुद्धाच्या अंगावरही कडेची सावली आणि मधला उजेड आहे. पान हेच कारण असते तर नालंदेचे चित्रही सपाट झाले असते. उलट कैलासाच्या छतावर जागेची काहीच अडचण नव्हती, तरी तिथे छटा मागे पडून रेघ पुढे आली. याचा अर्थ बदल भिंतीवर आधी झाला. पानाने तो घडवला नाही. तयार झालेली, अरुंद जागेत नीट बसणारी पद्धत पानाने उचलली आणि पक्की केली. आमच्या पत्राचा गाभा हाच आहे.

वेरूळहून भरूचकडे ही पद्धत कशी गेली? ९ व्या शतकाच्या सुरुवातीपासून लाट प्रदेशावर, म्हणजे दक्षिण गुजरातवर, राष्ट्रकूटांचीच एक शाखा राज्य करत होती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात जैन आचार्यांना मोठा आश्रय होता. आपले ठाणेही या वाटेवरच होते: श्रीस्थानकाचे शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक, आणि ११ व्या शतकात त्यांच्या दरबारात उदयसुंदरीकथा लिहिणारा सोड्ढल हा मूळ लाटातला कायस्थ. लेखक जिथून येत-जात होते तिथून कारागीरही येत-जात असणार, एवढेच आम्ही म्हणतो. गुजरात-राजस्थानात त्या काळच्या रंगवलेल्या भिंती जवळजवळ उरल्याच नाहीत, म्हणून मधले दुवे हाती लागत नाहीत. तिबेटी इतिहासकार तारनाथाने १६०८ मध्ये पश्चिमेच्या जुन्या चित्रशाळेचा प्रवर्तक म्हणून मरुदेशच्या (मारवाडच्या) शृंगधराचे नाव नोंदवले आहे, आणि पूर्वेच्या शाळेसाठी धीमान व त्याचा मुलगा बितपाल यांचे. तो शेकडो वर्षांनी लिहीत होता. तरीही दोन वेगळे प्रवाह होते ही आठवण टिकून राहिली होती.

पाटल्या आणि सुरुवातीची पाने पाहताना माणसांपेक्षा काठाकडे लक्ष द्यावे असे आम्ही नेहमी सांगतो. वेलीच्या वळशांत बसवलेले हत्ती, हंस, कमळे अजिंठ्याच्या छतांवरून जवळपास जशीच्या तशी आलेली आहेत. माणसाचा चेहरा बदलला तरी नक्षी बदलली नाही. नक्षीत हात सवयीने चालतो, म्हणून मूळ तिथे जास्त काळ टिकते.

दक्षिणेचाही एक पुरावा आहे. कर्नाटकातील मूडबिद्रीच्या जैन मठातील, षट्खंडागम या जैन ग्रंथावरच्या धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्या १२ व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, दिगंबर परंपरेतल्या. तिथली माणसे गोलसर आहेत, डोळा कडेच्या आत आहे. धर्म एक, काळ एक, शैली वेगळी. म्हणून ‘जैन शैली’ असा सरसकट शिक्का मारणे टाळावे.

चित्रात काय आहे यावरून शैलीचे गाव ठरत नाही, याचे सर्वांत चांगले उदाहरण ठाण्याच्या अगदी जवळचे आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेपाळ संवत १३५ म्हणजे इ. स. १०१५ ची अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेची पोथी आहे. तिच्या चित्रांखाली भारतभरच्या बौद्ध स्थानांची नावे लिहिली आहेत. त्यांत कोकण आहे, आणि कृष्णगिरी आहे, म्हणजे येऊरच्या डोंगरापलीकडची आपली कान्हेरी. कोकणातले हे स्थान हिमालयाच्या कुशीत रंगवले गेले, ही केवढी मोठी गोष्ट! पण त्या चित्राचा हात पूर्वेचा आहे: छटा आहे, डोळा आत आहे. विषय कोकणचा, शैली नेपाळ-मगधची.

ही चित्रे करण्याची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण ‘भाबडा आविष्कार’ या शब्दांना तीच उत्तर आहे. उत्तरेत आणि पश्चिमेत सुरुवातीला श्रीताडाची पाने वापरत. ती पातळ आणि लवचिक असतात. खरताड जाड आणि खरबरीत. पाने उकळून, वाळवून, शंखाने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायची, दोऱ्यासाठी एक किंवा दोन भोके पाडायची. लेखक आधी बोरूने मजकूर लिहितो आणि चित्राची जागा सोडतो; समासात कधी एखादी सूचना, कधी इवलासा आराखडा असतो. मग चित्रकार आकृती आखतो, भूमीत हिंगुळाचा लाल भरतो, अंगाला हरताळाचा पिवळा देतो, डोळ्यात पांढरा, आणि शेवटी काजळाची रेघ. हिरवा बहुधा नीळ आणि हरताळ मिसळून केलेला. १५ व्या शतकात कागदावर क्रम उलटला: आधी चौकटीत सोन्याचा वर्ख, मग आकृती मोकळ्या सोडून वरून लाल किंवा निळी भूमी. म्हणून निळा रंग उडाला की खाली सोने चमकते. पुष्कळ जण त्याला नंतरची डागडुजी समजतात, पण तो खालचा मूळ थरच असतो. भिंतीसाठीची कृती १२ व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लासात दिली आहे: म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवायचे, त्याच्या कांड्या करून वाळवायच्या, लागेल तेव्हा मातीच्या भांड्यात विरघळवून हा वज्रलेप पांढऱ्या मातीत कालवायचा आणि भिंतीला तीन हात द्यायचे. इतकी बांधलेली, लिहून ठेवलेली विद्या भाबडी नसते.

चित्राचा काळ ओळखण्यासाठी वाचकांना काही खुणा देतो. भोके खरी आहेत की नुसती चितारलेली, हे आधी पाहावे. कागद आल्यावर दोऱ्याची गरज संपली, तरी पोथीचा आडवा आकार आणि भोकांच्या जागची लाल टिकली किंवा चौकट तशीच राहिली. मजकुरात पडिमात्रा आहे का, म्हणजे एकाराची उभी रेघ अक्षराच्या आधी आहे का, हे पाहावे. असेल तर पोथी बहुधा १६ व्या शतकाच्या आधीची. लाल भूमी सहसा आधीची, निळी नंतरची. शेवटच्या पानावर विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करावेत, शके असेल तर ७८ मिळवावेत.

ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईतल्या काही घरांत जुन्या पोथ्या आहेत, म्हणून हे महत्त्वाचे. पावसाळ्यात इथली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. डिंक ओलावा धरतो, मऊ होतो, आणि समोरच्या पानाला चिकटतो. पान ओढले की चेहरा त्या पानावर जातो. पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत घाम धरतो. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर कधीच नाही. खळ काढलेल्या स्वच्छ सुती रुमालात, दोन फळ्यांमध्ये, आडवी आणि घट्ट बांधून ठेवावी. सैल बांधलेले ताडपत्र वाकते आणि वाकले की रंगाचे पापुद्रे सुटतात. गवती चहाच्या जातीच्या तेलाने, म्हणजे सिट्रोनेलाने, ताडपत्र पुसतात ते दक्षिणेकडच्या कोरून लिहिलेल्या पानांसाठी. शाईने लिहिलेल्या किंवा रंगवलेल्या पानावर ते लावले तर अक्षर आणि चित्र दोन्ही पुसले जातील. बोट जिभेला लावून पान उलटू नये: हरताळात आर्सेनिक आहे आणि हिंगुळात पारा. हरताळ उजेडात फिकट होतो, हिंगूळ काळवंडतो, म्हणून प्रदर्शनात उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवण्याचा दंडक आहे. फ्लॅश मारू नये. रंग सुटू लागला असेल तर घरी काहीही न लावता संवर्धकाला दाखवावे.

वेरूळला जाणाऱ्यांसाठी एवढेच: कैलासाचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून ओसरीतल्या छतासाठी दुपारनंतरचा उजेड बरा, मंगळवारी लेणी बंद असतात. लहान दुर्बीण जवळ ठेवावी. काजळी आणि वटवाघळांच्या घाणीने बराच भाग झाकला आहे, डोळा सरावायला वेळ द्यावा लागतो.

आपल्या वृत्तपत्राला आमची विनंती अशी. पोथीचे चित्र छापताना फक्त चौकोन कापून न घेता मजकुरासह संपूर्ण पान छापावे. चित्र अक्षरांच्या मापाने रचलेले असते, एकटे कापले की ते विनाकारण आखडलेले वाटते. खाली पानाची लांबी-रुंदी, साल, लेखनस्थळ आणि सध्याचे भांडार द्यावे. लाल भूमी छपाईत उजळ करून केशरी करू नये. आणि पुढच्या वेळी कल्पसूत्राच्या पानाशेजारी कैलासाच्या छतावरील विष्णू-लक्ष्मीचे छायाचित्र छापावे, दोन्ही चेहरे सारख्या आकारात येतील अशा बेताने.

आपले,
पोथीचित्रांचे काही अभ्यासक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)